मक्याच्या मुलखातील बंधुगृह

सप्टेंबरच्या मध्यास इलिनॉय संस्थानातील मक्याची ताटे वाळून पिवळी पडू लागली, म्हणजे तेथील शेतकऱ्यांच्या घरी दरसाल एकच अडचण उभी राहते : कापणीचा हंगाम तोंडावर आलेला असतो, आणि घरातील सर्वांत राबता हात नेमका त्याच सुमारास पेटी भरून अर्बानाच्या विद्यापीठाकडे निघालेला असतो. बाप थोडी कुरकुर करतो, आई मुरंब्याच्या चार बरण्या पेटीत कोंबते, आणि मुलगा आगगाडीत बसतो. मागील प्रकरणात कृषिमहाविद्यालयांच्या प्रयोगक्षेत्रांची हकीकत आपण पाहिली. १८७६ पासून अखंड चाललेल्या अर्बाना येथील मॉरो क्षेत्राचाही उल्लेख तेथे आला, ज्याच्या पिकांवर सावली पडू नये म्हणून शेजारचे ग्रंथालय १९६९ मध्ये जमिनीच्या पोटात बांधण्यात आले. परंतु त्या क्षेत्रांत दिवसा राबणारा विद्यार्थी रात्री कोठे निजतो, कोणाच्या पंक्तीला जेवतो आणि कोणाच्या शिस्तीत वागतो, हा प्रश्न आपण बाजूस ठेवला होता. त्याचे उत्तर, निदान काही शेकडा मुलांपुरते, विद्यापीठाच्या दप्तरात सापडत नाही. ते त्या मुलांनी स्वतः चालविलेल्या घरांत सापडते. अशा एका घराचे एक वर्ष, सप्टेंबरपासून ऑगस्टपर्यंत, येथे सांगावयाचे आहे. हे वर्ष कोणत्याही एका सालाचे नव्हे. दोन महायुद्धांच्या दरम्यान आणि दुसऱ्या युद्धानंतरच्या दशकात मध्यपश्चिमेतील कृषिमहाविद्यालयांत जो शिरस्ता पडून गेला होता, त्यावरून ते बेतले आहे.

प्रथम या घरांची वंशावळ थोडक्यात सांगितली पाहिजे. अमेरिकेतील महाविद्यालयीन तरुणांनी ग्रीक अक्षरांची नावे घेऊन गुप्त मंडळ्या स्थापण्याची चाल फार जुनी. तिचा आरंभ १७७६ मध्ये व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात ‘फाय बीटा कॅपा’ या मंडळीने झाला. पुढील शतकात या मंडळ्यांना, म्हणजे फ्रॅटर्निटींना, स्वतःची घरे आली, शपथा आल्या, हात मिळविण्याच्या गुप्त तऱ्हा आल्या, आणि त्यांबरोबर वकील, व्यापारी व धर्मोपदेशक यांच्या मुलांची मिरासदारीही आली. शेतकऱ्याच्या मुलाला तेथे थारा नव्हता, कारण मुळात महाविद्यालयातच तो नव्हता. ही स्थिती पालटली ती व्हर्मॉंटचे प्रतिनिधी जस्टिन मॉरिल यांच्या कायद्याने. २ जुलै १८६२ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकन यांनी त्यावर सही केली, आणि प्रत्येक संस्थानाला त्याच्या काँग्रेसमधील दर सभासदामागे ३०,००० एकर सरकारी जमीन मिळून तिच्या उत्पन्नातून शेतकी व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये काढण्याची सोय झाली. इलिनॉयच्या वाट्याला ४,८०,००० एकर आले. ही जमीन मूळ रहिवाशांकडून कशी हस्तगत झाली होती, याचा उच्चार कायद्यात नाही. वाचकाने तो मनाशी करावा.

अर्बानाचे विद्यापीठ १८६७ मध्ये स्थापन झाले. ग्रीक अक्षरांच्या मंडळ्यांविषयी त्याच्या चालकांचे मत प्रारंभी इतके वाईट होते की त्यांजवर बंदीच होती, आणि ती १८९१ पर्यंत टिकली. बंदी उठल्यावर इतर विद्याशाखांच्या मुलांनी घरामागून घर उभे केले; शेतकीची मुले मात्र गावात खोल्या घेऊन, वा कोणाच्या घोड्यांची निगा राखण्याच्या मोबदल्यात तबेल्यावरील माळ्यावर राहून, दिवस काढीत राहिली. अखेर ओहायो संस्थानच्या विद्यापीठात १९०४ मध्ये आणि अर्बाना येथे १९०६ मध्ये कृषिविद्यार्थ्यांनी आपापली स्वतंत्र मंडळी काढली, आणि या दोहोंचे मीलन होऊन ४ एप्रिल १९०८ रोजी इंडियानापोलिस शहरातील क्लेपूल हॉटेलात ‘अल्फा गॅमा रो’ या बंधुसंघाची सनद झाली. नकाशा उघडून पाहिल्यास इंडियानापोलिस हे दोन्ही गावांच्या मधोमध पडते. दोन्हीकडच्या गाडीभाड्याचा विचार केल्यावाचून शेतकऱ्याची मुले सभेचे ठिकाण ठरवितील, हे संभवत नाही. तिकडे मिसुरी संस्थानात १९०५ च्या एप्रिलमध्ये सात मित्रांनी याच हेतूने आणखी एक घर काढले, आणि ग्रीक अक्षरांचा बडेजाव साफ नाकारून त्याला ‘फार्महाऊस’ असे सरळ इंग्रजी नाव दिले. त्या सातांपैकी हेन्री रस्क हे पुढे इलिनॉयच्या कृषिमहाविद्यालयाचे प्रमुख झाले आणि क्लॉड हचिसन कॅलिफोर्नियाच्या. अल्फा गॅमा रोच्या मंडळींनी मात्र थाटमाट सोडला नाही. शाखेच्या अध्यक्षाला त्यांनी ‘नोबल रूलर’ ही पदवी बहाल केली, आणि सकाळी शेण उपसून आलेला वीस वर्षांचा मुलगा सायंकाळी या नावाने सभेत संबोधिला जाऊ लागला.

आता वर्षाकडे वळू. पहिला आठवडा भरतीचा. त्याला ‘रश’ म्हणतात, आणि नाव यथार्थ आहे. नवीन मुलगा दारात येतो तो बहुधा अनोळखी नसतोच, कारण आदल्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या जत्रेत, आपल्या वासराला घासूनपुसून रिंगणात फिरविताना, घरातील कोणी वडील बंधूने त्याला हेरून ठेवलेले असते. शालेय मुलांचे फोर-एच क्लब विसाव्या शतकाच्या आरंभी निघाले आणि ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही संघटना १९२८ मध्ये कॅन्सस सिटीत स्थापन झाली. या दोन संस्थांच्या याद्या म्हणजे बंधुगृहाच्या भरतीचे वतनच. मुलाला जेवावयास बोलावितात, घर दाखवितात, बापाकडे जनावरे किती आणि कोणत्या जातीची याची विचारपूस करतात, आणि तो निघून गेल्यावर दार लावून त्याच्याविषयी चर्चा करतात. ही चर्चा मोठी निर्दय असते. परीक्षेतील गुण पाहिले जातात, वागणूक पाहिली जाते, आणि घरच्यांची महिन्याचे बिल फेडण्याची ऐपतही पाहिली जाते. मग मतदान, आणि अनेक घरांत जुन्या रिवाजाप्रमाणे एकाच काळ्या गोटीने उमेदवार नामंजूर होई.

निवडलेला मुलगा लगेच बंधू होत नाही. काही महिने तो उमेदवार असतो. त्याला एक वडील बंधू नेमून दिला जातो, घराचा इतिहास पाठ करावा लागतो, आणि जिने झाडणे, भांडी आवरणे, फोनवर बसणे ही कामे त्याच्या माथी येतात. येथवर तक्रारीस जागा नाही. परंतु दीक्षाविधीच्या आधीच्या आठवड्यात या उमेदवारांना लाकडी फळ्यांनी बडविण्याचा, रात्ररात्र जागविण्याचा आणि नाना प्रकारे फजीत करण्याचा जो रिवाज बहुतेक फ्रॅटर्निटींत बोकाळला होता, त्याचे समर्थन कोणत्याही सुजाण माणसास करता यावयाचे नाही. विद्यापीठांचे अधिकारी त्याविरुद्ध फतवे काढीत. इलिनॉयचे टॉमस आर्कल क्लार्क, ज्यांना १९०९ मध्ये मिळालेले ‘डीन ऑफ मेन’ हे पद त्या देशातील अशा प्रकारचे पहिले मानतात, ते मुलांच्या बारीकसारीक भानगडींवर नजर ठेवण्याविषयी प्रख्यात होते. तरी रिवाज सहजी गेला नाही. जो स्वतः मार खाऊन आत आला, तोच पुढील वर्षी फळी उचलतो.

घराची रचना पाहण्यासारखी आहे. तळमजल्यावर बैठकीचा दिवाणखाना आणि भोजनगृह, तळघरात कोठी व भट्टी, मधल्या मजल्यावर दोघा-तिघांत एक याप्रमाणे अभ्यासाच्या खोल्या. परंतु या खोल्यांत कोणी निजत नाही. निजण्याचे दालन सर्वांत वर, छपराखाली, एकच लांबलचक. त्यात दुमजली लोखंडी खाटांच्या रांगा, आणि खिडक्या उघड्या. या दालनास ‘कोल्ड डॉर्म’ म्हणत, आणि जानेवारीत पारा शून्याखाली उतरला, पांघरुणावर खिडकीतून हिमाचा चुरा येऊन पडला, तरी खिडक्या लावावयाच्या नाहीत, असा दंडक असे. चाळीस माणसे एका दालनात कोंडून घेऊन निजली तर एकाचे पडसे सर्वांना होईल, हा त्यामागील विचार. तेथे दिवा लावणे मना, बोलणे मना, आणि गजराचे घड्याळ तर सर्वथा मना. कारण पहाटे चारला दूध काढावयास जाणाऱ्याच्या घड्याळाने आठ वाजता वर्ग असणाऱ्याची झोप का मोडावी? म्हणून जिन्याशी एक तक्ता टांगलेला असे. त्यावर प्रत्येकाने रात्री आपले नाव, खाटेचा क्रमांक आणि उठण्याची वेळ लिहावी, आणि पाळीच्या उमेदवाराने अंधारात चाचपडत जाऊन नेमक्या माणसाचा खांदा हलवावा. माणूस चुकला तर शिवी खावी; आणि जो खरा उठावयाचा तो उठला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याचीही खावी.

या संसाराला एक वडीलधारी बाई असे. बहुधा विधवा, वयाने पन्नाशीच्या पुढची; तिला ‘हाऊस मदर’ म्हणत. ती भोजनाच्या वेळी मुख्य मेजाच्या शिरोभागी बसे, आणि ती बसल्यावाचून कोणी बसत नसे. काटा कोणत्या हातात धरावा, पाहुणीस खुर्ची कशी द्यावी, आभाराचे पत्र कसे लिहावे, या गोष्टी ज्यांच्या घरी कोणी शिकविल्या नव्हत्या अशा मुलांना ती फारसे न बोलता शिकवी. पुढे बँकेच्या किंवा विधिमंडळाच्या मेजवानीत याच मुलांपैकी कोणी बिचकला नाही, तर त्याचे श्रेय शेतकीच्या कोणत्याही अध्यापकाकडे जात नाही.

परंतु माझ्या मते या घरांचे खरे विद्यापीठ म्हणजे खजिनदाराचे मेज आणि सोमवारची सभा. घर त्रयस्थाच्या मालकीचे नसते. शाखेतून बाहेर पडलेल्या जुन्या बंधूंची एक मंडळी कायद्याने नोंदविलेली असते. जमीन तिच्या नावे, कर्ज तिच्या नावे, आणि मुले तिचे भाडेकरी. त्यामुळे महिन्याकाठी भाडे, कोळसा, स्वयंपाकिणीचा पगार, वाण्याचे बिल, खाटिकाचे बिल, राष्ट्रीय कार्यालयाची वर्गणी, असा खर्चाचा एकेक रकाना भरावा लागतो, आणि तो भरावयाचा चाळीसएक मुलांकडून वसुली करून. खजिनदार त्यांच्यातलाच एक. तो कीर्द-खतावणी लिहितो, थकबाकीची यादी करतो, आणि सभेत ती वाचूनही दाखवितो. आणि ज्याच्या शेजारच्या खाटेवर तो निजतो, त्याच मित्राला उद्यापर्यंत पैसे न आल्यास भोजन बंद, असे त्याला सांगावे लागते. स्टुअर्ड म्हणजे आपल्याकडील कोठावळा. बटाट्याची पोती घाऊक घ्यावीत की आठवड्याला, अंडी कोणाच्या घरून आणल्यास स्वस्त पडतील, रविवारच्या कोंबडीने महिन्याचा मेळ बिघडतो की काय, हे हिशेब तो करतो. शेतीच्या अर्थशास्त्राचा तास त्याला सकाळी असतोच. पण चुकलेल्या हिशेबाचे प्रायश्चित्त संध्याकाळी चाळीस उपाशी माणसांकडून मिळते, ते या मेजावर.

सोमवारी रात्री सभा. हेन्री मार्टिन रॉबर्ट या लष्करी अभियंत्याने १८७६ मध्ये सभाशास्त्राचे जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातील नियमांबरहुकूम ती चालते : मागील वृत्तान्त वाचून कायम करणे, ठराव, अनुमोदन, दुरुस्ती, दुरुस्तीवर दुरुस्ती, चर्चा तहकूब करण्याची सूचना. विषय तरी कोणते? धुलाईयंत्र घ्यावे की नाही; अभ्यासाच्या वेळी पियानो वाजविणाऱ्यास दंड किती; वसंतातील नृत्याला वाद्यवृंद कोणता आणावा. क्षुल्लक विषयांवर दोन-दोन तास वाद चालतो आणि मते मोजली जातात. ज्या मुलाने घरी बापासमोर तोंड उघडले नव्हते, तो येथे उभा राहून मुद्दा मांडावयास शिकतो. आणि आपला ठराव पडल्यावर निमूटपणे बसावयासही शिकतो, जे अधिक कठीण. इलिनॉय, आयोवा, नेब्रास्का येथील सहकारी धान्यकोठारे आणि शेतकरी-संघ यांच्या कचेऱ्यांत पुढे बसणारी पुष्कळ माणसे अशा दिवाणखान्यांतून आली.

ऑक्टोबर हा उत्सवांचा महिना. जुन्या विद्यार्थ्यांनी घरी परत येण्याचा ‘होमकमिंग’ सोहळा अर्बाना येथे १९१० पासून चालतो आणि त्याचा जनक कोण, याविषयी मिसुरीशी इलिनॉयचा वाद आहे. आपण त्यात पडण्याचे कारण नाही. घरापुढे कागद, तार व लाकूड यांचा मोठा देखावा उभारतात, दुपारी फुटबॉलचा सामना, रात्री जुने बंधू दिवाणखान्यात बसून मक्याचे भाव आणि डुकरांची रोगराई यांवर बोलत राहतात. हंगाम चांगला असला तर याच बैठकीत छपराच्या दुरुस्तीसाठी देणग्या निघतात.

त्यानंतर पारखीच्या संघाचे दिवस येतात, आणि हा भाग थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण कृषिमहाविद्यालयात क्रिकेटवीराला आपल्याकडे जो मान, तो तेथे पशूंची पारख करणाऱ्याला. स्पर्धेची रीत अशी : रिंगणात एकाच जातीची चार जनावरे उभी करतात, त्यांच्यावर एक ते चार आकडे घालतात, आणि ठराविक मुदतीत स्पर्धकाने त्यांचा उतरता क्रम लावावयाचा. क्रम परीक्षकाच्या क्रमाशी तंतोतंत जुळला तर ५० गुण. मग दुसरा भाग. स्पर्धकाने एकट्याने परीक्षकापुढे उभे राहून, हातात कागद न घेता, साधारण दोन मिनिटांत आपल्या क्रमाची कारणे सांगावयाची, आणि त्यालाही ५० गुण. ही कारणे मोघम चालत नाहीत. तीन क्रमांकाचे गोऱ्हे पहिले का, तर पाठीला रुंद, कमरेला भरदार, मांडीत खालवर मांस उतरलेले, चालताना पाय सरळ टाकणारे. त्याच्या खालच्या जनावराची चरबी अधिक गुळगुळीत बसली आहे हे मान्य, परंतु पुढच्या खांद्यात ते रोडके. असे एकेका जोडीचे तोलून सांगावे लागते, प्रतिपक्षाचा गुण कबूल करून. शिक्षक या मुलांना सप्टेंबरपासून दर शनिवारी मोटारीत घालून शेतोशेत हिंडवितात. रात्री घराच्या तळघरात एखादा मुलगा भट्टीकडे तोंड करून हातवारे करीत मोठ्याने बोलताना आढळला, तर तो वेडा झालेला नसून कारणे पाठ करीत आहे, असे समजावे.

याची परिणती शिकागो येथे होई. १९०० साली तेथील जनावरांच्या अफाट बाजाराशेजारी ‘इंटरनॅशनल’ पशुप्रदर्शन सुरू झाले, आणि नोव्हेंबरअखेर ते भरे. साऱ्या देशातील कृषिमहाविद्यालयांचे संघ तेथे जमत. निरनिराळ्या विद्यापीठांतील शेतकीच्या मुलांना परस्परांची तोंडओळख होण्याचे ते मुख्य ठिकाण होते, आणि बंधुसंघाच्या प्रसाराला त्या ओळखींनीच पुष्कळ हात दिला. १९७५ नंतर ते प्रदर्शन बंद पडले. पारखीची राष्ट्रीय स्पर्धा आता केंटकीतील लुईव्हिल येथे होते.

हिवाळा रखरखीत जातो. जानेवारीत परीक्षा, आणि परीक्षेनंतर शाखेची सरासरी. कोणत्या घराचे गुण वर, कोणत्याचे खाली, याची यादी विद्यापीठ प्रसिद्ध करी, आणि ती यादी पालकांपर्यंत पोहोचे. मग शेतकरी सप्ताह. त्या आठवड्यात संस्थानभरचे शेतकरी विद्यापीठात व्याख्याने ऐकावयास येतात, आणि त्यांत पुष्कळांचे वडीलही असतात. मंदीच्या वर्षांत हे वडील कसे येत असतील? १९१९ मध्ये बुशेलला दीड डॉलर असलेला मका १९३२ च्या हिवाळ्यात कित्येक ठिकाणी १५ सेंटांच्याही खाली गेला होता. बुशेल म्हणजे ५६ पौंड. गाडीभर मका विकून मुलाचे महिन्याचे बिल भागत नसे. टेक्सासच्या कृषिमहाविद्यालयात तर त्या सुमारास मुलांनी सहकारी तत्त्वावर घरे काढून घरचे बटाटे, डबाबंद भाज्या व खारविलेले मांस कोठीत आणून जेवण चालविले. अनेक बंधुगृहांवरचे कर्ज त्या दशकात थकले, कित्येक मोडकळीस आली. आणि जी वाचली ती १९४३ मध्ये मुले लष्करात गेल्यामुळे ओस पडून सैनिकी प्रशिक्षणार्थींना निजावयास दिली गेली.

वसंत आला की लहान प्रमाणावरील ‘इंटरनॅशनल’. शिकागोच्या प्रदर्शनाची नक्कल म्हणून ‘लिटल इंटरनॅशनल’ हे नाव. महाविद्यालयाच्या कळपांतील जनावरे मुलांना चिठ्ठ्या टाकून वाटून देतात, आणि काही आठवड्यांत त्यांना रिंगणात आणण्याजोगे तयार करावयाचे असते. येथे बक्षीस जनावराला नाही, तयार करणाऱ्याच्या हाताला आहे. ज्याच्या वाट्याला मेंढी आली त्याचे काम पाहावे : लोकर ओली करावयाची, दातेरी पत्र्याने पिंजून उभी करावयाची, मग मोठ्या कात्रीने पाठीवर अशी सपाट कातरावयाची की वरून पाहिले असता पाठ मेजासारखी दिसावी, पुन्हा ओली, पुन्हा पिंजणे, पुन्हा कातरणे. कात्रीचा एक फटकारा खोल गेला तर ती खाच भरून यावयास महिना लागतो, आणि प्रदर्शन तर शनिवारी. ज्याच्या वाट्याला गोऱ्हा आला, त्याला दावणीची सवय लावण्यात पहिला आठवडा जातो. मुलगा त्याला ओढतो, बऱ्याचदा तो मुलाला. प्रदर्शनाच्या दिवशी पांढरा सदरा घालून, एक डोळा परीक्षकाकडे आणि एक जनावराच्या मागच्या पायांकडे ठेवून, काठीच्या टोकाने खूर योग्य जागी सरकवीत मुलगा उभा राहतो, तेव्हा त्याचे आईबाप बाकावरून पाहत असतात. नृत्याचे समारंभही याच दिवसांत होतात. आपली बंधुसंघाची पिन मुलीला देणे म्हणजे जवळजवळ वाङ्‌निश्चय, आणि त्या रात्री सारे घर तिच्या वसतिगृहाच्या खिडकीखाली जाऊन गाणी म्हणते.

या साऱ्या चित्रात एक उणीव आहे आणि ती झाकून ठेवता येण्याजोगी नाही. ज्या १९०६ साली अर्बानातील शेतकीच्या मुलांनी आपली मंडळी काढली, त्याच साली रथींद्रनाथ ठाकूर आपले मित्र संतोषचंद्र मजुमदार यांजसह त्याच गावी, त्याच महाविद्यालयात शेतकी शिकावयास दाखल झाले. १९०९ मध्ये ते पदवीधर झाले. त्यांचे वडील रवींद्रनाथ पुढे १९१२ च्या हिवाळ्यात तेथे येऊन राहिले. रथींद्रनाथांनी तेथे कॉस्मोपॉलिटन क्लब काढण्यात पुढाकार घेतला, कारण परदेशी विद्यार्थ्याला बसण्याउठण्याची जागा तीच. फ्रॅटर्निटींची दारे त्या काळी, कित्येक ठिकाणी लेखी कलमाने आणि इतरत्र नुसत्या रिवाजाने, गोऱ्या ख्रिस्ती तरुणांपलीकडे उघडत नसत. त्याच १९०६ साली कॉर्नेल येथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना ‘अल्फा फाय अल्फा’ हा स्वतंत्र बंधुसंघ काढावा लागला. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ओरेगॉनच्या आणि मग वॉशिंग्टन संस्थानच्या कृषिमहाविद्यालयांत शिकले, गदर चळवळीत पडले, आणि अखेर मेक्सिकोतील चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक होऊन मक्याच्या वाणांवर त्यांनी नाव मिळविले. अमेरिकन शेतकीविद्येचा असा पाईक मक्याच्या मुलखातील बंधूंच्या पंक्तीस बसू शकला नसता, हे त्या पंक्तीचेच दैन्य होय. जातीधर्माची कलमे दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू गळली. मुलींना तर फार थांबावे लागले : शेतकीच्या विद्यार्थिनींची ‘सिग्मा अल्फा’ ही मंडळी ओहायोत १९७८ मध्ये निघाली, आणि ‘सेरेस’ कोलोरॅडोत १९८४ मध्ये.

जूनमध्ये पदवीदान झाले की घर रिकामे होते. पदवीधरांपैकी काही बापाच्या शेतावर परततात. काही शाळांत शेतकी शिकवितात. काही १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने निर्माण झालेल्या विस्तारसेवेत जिल्ह्याचे शेतीसल्लागार होतात. उरलेली मुले जुलैत संकरित मक्याच्या बीजक्षेत्रांत मादी ओळींचे तुरे खुडण्याच्या मजुरीवर जातात, ज्या मजुरीतून पुढील वर्षाचे पहिले बिल निघते. ऑगस्टमध्ये जुन्या बंधूंची मंडळी भरते, खजिनदाराची वही तपासते, भाडे ठरविते, आणि आलेल्या नावांची यादी नव्या अध्यक्षाच्या हाती देते.

इलिनॉयच्या नमुन्यावर आणि त्या विद्यापीठाच्या साहाय्याने १९६० मध्ये पंतनगर येथे भारतातील पहिले कृषिविद्यापीठ उभे राहिले. पाठोपाठ राहुरीला १९६८, अकोल्याला १९६९, आणि परभणी व दापोली येथे १९७२ मध्ये आपली चार विद्यापीठे आली. अध्यापन, संशोधन व विस्तार ही त्रिसूत्री आपण तेथून घेतली. ग्रीक अक्षरे, शपथा आणि फळ्या घेतल्या नाहीत, हे उत्तम झाले. आणि बंद दरवाज्याचा धडा आपल्याला परदेशातून शिकण्याची गरज नव्हती. मात्र त्या घरातील एक वस्तू अद्याप घेण्याजोगी आहे. आपल्या वसतिगृहांतील पुष्कळ खानावळी मुलेच चालवितात, मेस सेक्रेटरीही त्यांच्यातलाच असतो, आणि हिशेब शिकण्यास ती जागा मोलाची आहे. परंतु छप्पर गळले, विजेचे बिल वाढले, नळ फुटला की अर्ज रेक्टरकडे जातो आणि मुलांचा संबंध संपतो. कृषिविद्यापीठांच्या चालकांनी एखाद्या वसतिगृहापुरती तरी ही सर्व वही, भाडे, दुरुस्ती आणि थकबाकीसकट, दोन वर्षांच्या मुदतीने विद्यार्थ्यांच्या हाती सोपवून पाहावी.